'उत्स्फूर्त' म्हणजे तयारीशिवाय का?

प्रश्न असा आहे: "उत्स्फूर्त या शब्दाचा नेमका अर्थ काय? काहीही तयारी न करता आयत्या वेळी केलेलं सादरीकरण, असंच ना? मुलीला शाळेच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत भाग घ्यायचाय. घरी तयारी करून घेतली तर ती फसवणूक होईल का?"

शेवटचं वाक्य नसतं तर मी या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो, शब्दकोश बघा म्हणालो असतो. पण 'फसवणूक' वाचलं आणि राहवलं नाही. "असंच ना?" याचं उत्तर: नाही, असं नाही.

आधी शब्दाचं उरकून घेऊ. उत् अधिक स्फूर्त. स्फुर् या धातूचा अर्थ थरथरणे, लवणे, आतून हलणे. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरण पावतात, ओळ स्फुरते, ही सगळी त्याच घरातली. उत् म्हणजे वर, बाहेर. आतलं उसळून बाहेर आलं ते उत्स्फूर्त. या फोडीत तयारीबद्दल चकार शब्द नाही. आत काहीतरी असायला हवं, एवढं मात्र शब्द स्वतःच सांगतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

लिहिताना त् आणि स् दोन्ही हवेत. बोलताना आपण सगळेच त् गिळतो, म्हणून फलकावर 'उस्फूर्त' दिसतं, आणि जरा जपून लिहिणारे 'उत्फूर्त' लिहितात. दोन्ही चूक. स्फुरणे मधला स्फु ऱ्हस्व, पण स्फूर्ती आणि स्फूर्त मधला स्फू दीर्घ, कारण या धातूत र् ला जोडून व्यंजन आलं की आधीचा उ लांबतो. क्रियाविशेषण उत्स्फूर्तपणे, नाम उत्स्फूर्तता.

स्वयंस्फूर्त वेगळा. कुणी न सांगता, आपल्या मनानं केलं ते स्वयंस्फूर्त. त्या क्षणी आतून आलं ते उत्स्फूर्त. आठ दिवस आधी नाव नोंदवून रक्तदान केलं तर ते स्वयंस्फूर्तीनं केलं, उत्स्फूर्तपणे नव्हे. गाण्याच्या मध्येच टाळ्या पडल्या तर त्या उत्स्फूर्त. 'बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद' ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतो. काच फुटेल या भीतीनं दुकानदारानं शटर ओढलं असेल तर तो प्रतिसाद यातला कुठलाच नाही. आणि 'आयत्या वेळी' ला मराठीत वेगळाच वास आहे. सोसायटीच्या विषयपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात ना, तो. तिथे वेळेची अडचण सांगायची असते, आतल्या उसळीचा संबंध नाही.

ज्यांचं पोट या कलेवर आहे ती माणसं 'उत्स्फूर्त' हा शब्द फारसा वापरतच नाहीत. नाटकवाला म्हणेल 'पदरचं घातलं' किंवा 'ॲडिशन घेतली'. गवई म्हणेल 'उपज'. जागच्या जागी कविता करणारा शीघ्रकवी, पटकन उत्तर देणारा हजरजबाबी. यातल्या 'पदरचं' कडे नीट बघा. पदरचं घालायचं तर पदरात काहीतरी असावं लागतं. माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दात आहे, आणि ते दशावतार या लोकनाट्याच्या उदाहरणानं सांगतो, कारण तिथे ते रात्रभर उघड्यावर बघायला मिळतं.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात कार्तिकात जत्रांचा हंगाम लागला की देवळापुढे दशावतार उभा राहतो. नेपथ्य म्हणजे मागचा पडदा आणि पुढे एक बाक. पायपेटी, पखवाज किंवा तबला, झांज. सुरुवातीचा पूर्वरंग ठरलेला: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर. संकासुर वेद चोरणार आणि विष्णूच्या हातून मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी तो मालवणीत गावातल्या कुणाची टोपी उडवतो, ते दर गावात नवं असतं. नंतरचं आख्यान पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालतं, आणि परंपरेनं त्याला लिहिलेली संहिता नसते. संवाद नटाचे स्वतःचे.

बाहेरचा माणूस हे ऐकून थक्क होतो आणि म्हणतो, "काय प्रतिभा! सगळं आयत्या वेळी!" इथेच चूक होते.

जालंधर आणि वृंदेचं आख्यान घ्या. रंगायला बसण्याआधी भूमिका वाटल्या जातात आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो. काय ठरतं? जालंधराचा दरबार. नारद येऊन पार्वतीच्या रूपाचं वर्णन करतो. जालंधर कैलासावर चालून जातो. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे तो मरत नाही. विष्णू जालंधराचं रूप घेऊन वृंदेकडे येतो, तिचं व्रत भंगतं, तिकडे शंकर जालंधराला मारतो. वृंदेला कपट कळतं, ती शाप देते, तिची तुळस होते. आठ-नऊ खुंट्या. त्या हलत नाहीत. दोन खुंट्यांमधली दोरी किती सैल सोडायची ते रंगमंचावर ठरतं.

आता ती दोरी कशी धरतात ते बघा. पहिल्या प्रवेशाला पात्र स्वतःचं नाव, नगरी, नातं आणि आल्याचं कारण सांगून टाकतं: समुद्राचा पुत्र जालंधर, वृंदा माझी भार्या, देवांनी माझ्या पित्याचं मंथन केलं त्याचा सूड घ्यायचाय. प्रेक्षकाला वाटतं, ही जुनी पद्धत. ती आहेच, पण सहकलाकारासाठी तो निरोपही आहे. विंगेत उभा असलेला नारद ते ऐकून ठरवतो की आज सुडाच्या वाटेनं जायचं की गर्वाच्या. जालंधरानं गर्वाचा सूर लावला असेल तर नारद म्हणेल, "सगळं आहे राजा तुझ्याकडे, एक रत्न सोडून." सुडाचा लावला असेल तर तो देवांची चहाडी करत येईल. खुंटी तीच, वाट दुसरी.

आपलं बोलणं संपवताना प्रश्न विचारायचा, आज्ञा द्यायची किंवा आव्हान टाकायचं. विधानावर संपवलं की समोरचा उघडा पडतो. "माझ्यासारखा वीर त्रिभुवनात नाही" म्हणून जालंधर थांबला तर नारदानं करायचं काय? "हो" म्हणायचं? तेच "सांग नारदा, त्रिभुवनात माझ्यासारखा वीर पाहिलास?" म्हटलं की पुढची दहा मिनिटं निघतात. नवशिक्या नटाचं बोलणं तुटतं ते शब्द संपले म्हणून नव्हे, वाक्याला कडी न ठेवल्यामुळे तुटतं. लोक सांगतात शब्दसंपत्ती वाढवा. शब्दसंपत्ती काय करायची, कडी लावायला शिका.

पेटीवाला हा अर्धा दिग्दर्शक. पद घ्यायचं असलं की नट शेवटचं वाक्य स्वर चढवून लांबवतो किंवा पदाचा पहिला शब्द बोलण्यातच पेरतो. पेटीवाला सूर धरतो, पखवाज उचलतो. आत कुणाचा वेष पुरा झाला नसेल, विष्णू अजून जालंधराचा मुकुट बांधतोय, तर वृंदा एक पद वाढवते, नाहीतर विनोदी पात्र बाहेर येऊन मालवणीत वेळ काढतं. उलटही होतं. उजाडायच्या आत दहीकाला व्हायला हवा. वृंदेच्या प्रवेशात रात्र सरली असेल तर कैलासावरचं अख्खं युद्ध नारदाच्या चार वाक्यांत उरकतं. कापायचं ते युद्ध. शाप कधी कापत नाहीत, कारण माणसं त्यासाठीच जागी असतात.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा माहिती चुकीच्या जागी सांडते. वृंदेपुढे कुणी उत्साहात म्हणून गेलं की "विष्णू रूप पालटून येतोय", की पुढचा प्रवेश मेला. तिला कपट आधीच कळलं तर ती फसणार कशी? किंवा दोन पात्रं एकच बातमी घेऊन येतात. दुसऱ्याला गिळता येत नाही आणि बोलताही येत नाही. अशा वेळी मुरलेला नट ती बातमी खोटी ठरवतो: "ते मीही ऐकलं, पण वाटेत दुसरंच कळलं." तिसरी चूक पांडित्याची. राजाची भूमिका करणारा, राजपार्टीवाला, पातिव्रत्यावर वीस मिनिटं पुराण लावतो, समोरची ताटकळते, बायाबापड्या घोंगड्यात शिरतात. उत्स्फूर्ततेला सगळ्यात मोठा धोका न सुचण्याचा नाही, खूप सुचण्याचा आहे.

यातलं काय पाठ असतं? ढीगभर. दरबारी स्तुती, नगराचं वर्णन, रणाचं वर्णन, शोक, क्रोध, देव-दैत्यांची वंशावळ, श्लोक, ओव्या, अभंग, नाट्यपदं. छोटी पात्रं करत, मोठ्यांचं ऐकत, वर्षानुवर्षं गोळा केलेलं. शोकाचे चार-पाच साचे तयार असतात. पतीचा मृत्यू, मुलाचा वनवास, राज्य गेलं, शाप लागला. वृंदा रडते ती पहिल्या साच्यात, पण आज नारदानं गर्वाची वाट धरली म्हणून ती मध्येच "तुझा गर्व मीच जोपासला ना" म्हणते. ते वाक्य उत्स्फूर्त. त्याच्या मागचंपुढचं सगळं पदरचं, जुनं, हजारदा वापरलेलं. उत्स्फूर्त असते ती निवड. माल उत्स्फूर्त नसतो, नसावाही.

हे गवयाला आणि तबलजीला पटवायची गरज पडत नाही. तबल्यावर ऐन वेळी तिहाई टाकली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला म्हणून टाळ्या घेतो त्याला विचारा. तीनतालात १६ मात्रा, समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं म्हणजे शेवटचा धा १७ व्या ठोक्यावर. पाच मात्रांचा तुकडा घ्या, 'तिट कत गदि गन धा'. तीनदा वाजवला की १५. मध्ये दोन जागा, प्रत्येकी एक मात्रा दम, म्हणजे थांबा: १७. बरोबर समेवर. दम विसरला तर शेवटचा धा १५ व्या मात्रेवर आपटतो, दम दोन मात्रांचा धरला तर सम उलटून तिसऱ्या मात्रेवर. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, सुचलं तर नऊ ठोके हातात असतात: तीन मात्रांचा तुकडा, बेदम, म्हणजे मध्ये न थांबता, तीनदा. झपतालात दहा मात्रा, समेपासून समेपर्यंत अकरा ठोके: पुन्हा तीनचाच तुकडा, पण आता एकेक मात्रा दम देऊन. हा हिशेब मैफलीत कुणी करत बसत नाही. तो बोटांत मुरलेला असतो. मैफलीत फक्त एवढं ठरतं की गायक आत्ता इथे आलाय, तर कुठला तुकडा. ख्यालातली उपजही तशीच. बंदिश बांधलेली, रागाची चाल बांधलेली, मुखडा कुठल्या मात्रेवर उचलायचा ते बांधलेलं, म्हणून बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मोकळी.

आता माझ्या जुन्या भांडणाकडे येतो, कारण प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. दोन जमाती आहेत. एक म्हणते: संहिता नाही म्हणजे ते नाटकच नाही, नुसती बडबड. त्यांना एवढंच सांगायचं की आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन करतो तो विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवर' साठी. त्या नाटकांत पदं रचलेली होती, ती सूत्रधार गायचा. पात्रांची भाषणं नटांच्या पदरची. छापील संवादांचं स्वतंत्र नाटक, विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे', आलं १८६१ मध्ये. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही नटराजाला हार घालता, तो दिवस संवादांची वही नसलेल्या नाटकाचा आहे. तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, आणि वग, म्हणजे त्यातलं कथानाट्य, हेही बराच काळ असेच चालले. पुढे वसंत सबनीसांच्या लिहिलेल्या 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडके ताज्या बातम्या घुसवत, ते त्याच परंपरेतलं. संहिता होती, तरी माणसं पुन्हा यायची ती आज काय घुसवलंय ते ऐकायला.

दुसरी जमात जास्त त्रासदायक. हे स्पर्धांचे परीक्षक. यांचं म्हणणं, मुलानं पाठ केलेला श्लोक किंवा आधी वापरलेलं उदाहरण आणलं की ते उत्स्फूर्त राहिलं नाही, गुण कापा. मी या लोकांशी वीसेक वर्षं वाद घालतोय आणि अजून एकानंही सांगितलेलं नाही की मग मुलानं आणायचं काय. चिठ्ठी उचलल्यावर पाच मिनिटांत दहा वर्षांचं मूल नवी उपमा, नवा दाखला, नवी भाषा कुठून आणणार? पाठ केलेलं भाषण विषयाला ओढूनताणून चिकटवलं तर जरूर गुण कापा; विषय 'माझी सायकल' आणि पोरगं तीन मिनिटं पर्यावरणावर बोलतंय, हे ऐकलेलं आहे सगळ्यांनी. पण पाठ असलेली ओवी विषयाला चपखल बसवली तर ती बसवणं हीच कसोटी आहे, तिचेच गुण द्यायचे असतात. दशावतारात हे परीक्षक बसले तर वृंदेला श्लोक म्हटल्याबद्दल बाद करतील.

तेव्हा मुलीची तयारी करून घ्या, बिनधास्त. भाषणं पाठ करून घेऊ नका, साठा करून द्या. बारा-पंधरा दाखले पुरतात, पण तिचे स्वतःचे: आजीची दुकानदाराशी घासाघीस, पावसात बंद पडलेली एसटी, वर्गातली वाटून खाल्लेली पोळी. प्रत्येक दाखला तीस-चाळीस सेकंदांत सांगता यायला हवा. जोडीला आठ-दहा ओव्या किंवा अभंगाच्या ओळी, अर्थासकट. मोठ्या नेत्यांच्या चरित्रातले प्रसंग टाळा. ते सगळ्या स्पर्धकांकडे असतात.

मग सराव. रोज एक चिठ्ठी. विचाराला नियमात असेल तेवढीच वेळ द्या, दोन मिनिटं तर दोन. पहिल्या अर्ध्या मिनिटात तिनं शेवटचं वाक्य ठरवायचं, सुरुवात नव्हे. बहुतेक मुलं सुरुवात घोळवत बसतात आणि शेवट हवेत राहतो, मग "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" येतं. शेवट ठरला की एक दाखला निवडायचा. एकच. उरलेल्या वेळात त्या दाखल्यातून शेवटाकडे कसं जायचं तेवढं बघायचं. खुंट्या तीन: दाखला, त्यातून पडलेला प्रश्न, शेवट. मुलं साधारण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतात, म्हणजे तीन मिनिटांच्या भाषणात साडेतीनशेच्या आसपास. दोन दाखले कोंबले की दोन्ही अर्धवट.

अडलं तर काय करायचं हेही शिकवा, कारण अडणारच. मागच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलून त्यावर प्रश्न करायचा. "…आणि बस सुटली. सुटली म्हणजे काय झालं?" हीच ती दशावतारातली कडी, फक्त इथे समोरचं पात्रही आपणच. 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' भरण्यापेक्षा दोन सेकंद गप्प राहिलेलं बरं; ऐकणाऱ्याला तो विचार वाटतो. तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून तिलाच ऐकवा. तुम्ही चुका काढत बसलात तर ती तुमच्यासाठी बोलू लागेल.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. दशावतारात सगळीकडे सगळं मोकळं असतं असं नाही; स्पर्धेसाठी बसवलेल्या प्रयोगांना वेळेचं बंधन असतं, तिथे संवाद बरेचसे आधी ठरवून घेतात. नाटकात पदरचं घालायला लेखकाची आणि सहकलाकारांची मर्जी लागते, दुसऱ्याचं वाक्य खाऊन हशा घेणारा नट कुणालाच आवडत नाही. आणि परीक्षकांबद्दल जे लिहिलं ते सगळ्यांना लागू नाही, चांगलेही भेटतात. पण स्पर्धेच्या नियमावलीत 'पूर्वतयारीस मनाई' असलं काही छापलं असेल तर आयोजकांना आधीच फोन करून विचारा की त्यांचा नेमका अर्थ काय. बहुतेकदा त्यांना म्हणायचं असतं की कागद हातात घेऊन बोलू नये.